जुनी फोर बाय फोर साताऱ्यात सांभाळायची असेल तर

जुनी जिप्सी, डीआय जीप किंवा पहिल्या पिढीतली थार घरी आली की पहिले पैसे बहुतेक दिसणाऱ्या गोष्टींवर जातात. रुंद टायर येतात, टपावर लाइटची पट्टी येते, पुढे जाड लोखंडी बंपर लागतो. आणि गाडी यवतेश्वरचा घाट उतरताना ब्रेक दोनदा पंप केल्याशिवाय धरत नाही. या लेखातला क्रम उलटा आहे: आधी गाडी थांबली पाहिजे, मग सरळ चालली पाहिजे, मग न तापता चढली पाहिजे. एवढं झाल्यावर फोर बाय फोरचा, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारा लिव्हर. हौस शेवटी, पैसे उरले तर. जुन्या गाडीत ते सहसा उरत नाहीत.

दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्याची. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात माण-खटावात पाचशेच्या आसपास. त्यामुळे बामणोली, कोयना, पाटणच्या डोंगरपट्ट्यात राहणारी गाडी खालून सडते, आणि दहिवडी-म्हसवडकडे राहणारी गाडी इंजिनातून झिजते. कृष्णाकाठची काळी माती तिसराच त्रास देते, ती चिकटून बसते आणि ओल धरून ठेवते. गाडी घेताना ती कुठे राहिली हे किलोमीटरच्या आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाचं. किलोमीटर मागे फिरवता येतात, गंज फिरवता येत नाही.

घेण्याआधी: कागद आणि चासी

पहिली थार २०१० मध्ये आली, म्हणजे त्या वेळच्या गाड्यांची पंधरा वर्षं आता भरली आहेत. जिप्सी १९८५ पासून २०१९ च्या सुमारापर्यंत बनत होती, त्यामुळे तिच्यात वयाचा मोठा फरक पडतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. अर्ज मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत करायचा. डिझेल गाडी दहा वर्षांनी बाद होते असं गावोगाव सांगितलं जातं. तो दिल्ली परिसराचा विषय आहे, आपल्याकडे तो नियम नाही. पण नूतनीकरणाची फी, पर्यावरण कर आणि उशीर झाला तर महिन्याला लागणारा दंड हे सगळं किमतीतून वजा करूनच सौदा बोला. २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाडीला नवी एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर पाटी बसवलेली आहे का तेही बघा.

आरसी हातात घेऊन चासी नंबर स्वतः वाचा. चिखल पुसा, कागद ठेवून पेन्सिल घासा, एकेक अक्षर जुळवा. नंबराच्या आजूबाजूला घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर चहा पिऊन घरी या. टू व्हीलची गाडी नंतर फोर व्हील केलेली, पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं टाकलेली, अशा जीपा बाजारात भरपूर आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल आरटीओच्या परवानगीशिवाय चालत नाही, आणि आरसीवर नसलेला बदल पासिंगच्या वेळी तुमच्या गळ्यात पडतो. पुढचा बुल बारही, म्हणजे बंपरवरचे लोखंडी गज, केंद्राने २०१७ च्या डिसेंबरातच बेकायदा ठरवला आहे.

आता खाली आडवे व्हा. हातात छोटी हातोडी हवी. चासीच्या (बॉडीखालच्या लोखंडी सांगाड्याच्या) रेल्सवर, कमानीच्या (पाट्यांच्या स्प्रिंगच्या) हँगरपाशी, बॉडी माउंटच्या खाली आणि मागच्या आडव्या मेंबरवर हलकेच ठोकत जा. चांगलं लोखंड टणक वाजतं. सडलेल्या जागी आवाज बसका येतो आणि पापुद्रे खाली पडतात. ताजा काळा रंग मारलेली चासी म्हणजे विकणाऱ्याने तुमच्या आधी हातोडी मारून बघितलेली आहे असं समजा. पत्रा सडलेला चालेल, पत्र्याचं काम कुठलाही चांगला पत्रेवाला करतो. चासीला स्प्रिंग धरते त्या जागी सड असेल तर किंमत कितीही खाली आली तरी सोडून द्या.

पहिल्या महिन्यात: सगळी तेलं बदला

आधीचा मालक काय सांगतो त्याला किंमत नाही. इंजिन ऑइल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी), पुढचा-मागचा डिफरन्शिअल (चाकांना वळणावर वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर), कुलंट, ब्रेक ऑइल, सगळे फिल्टर, सगळं एकदा नवीन करून तारीख वहीत लिहा. जिप्सीला टायमिंग बेल्ट असतो. कधी बदलला त्याचं बिल नसेल तर बदलला नाही असंच धरा.

डिफरन्शिअलचं तेल काढताना नेहमी भरायचा बोल्ट आधी उघडा. तो गंजून अडकला असेल आणि तुम्ही खालचा आधी उघडून तेल सांडून बसलात, तर रिकामा डिफरन्शिअल घेऊन गाडी जागेवरून हलवता येत नाही. काढलेलं तेल बोटावर घ्या. काळं असेल तर फक्त जुनं आहे. ताकासारखं पांढुरकं असेल तर पाणी शिरलंय, आणि मग सील आणि ब्रीदर (ॲक्सलची हवा जायची नळी) बघितल्याशिवाय नवीन तेल ओतणं म्हणजे पैसे ओतणं. खालच्या बोल्टच्या चुंबकावर बारीक राखाडी चिखल असणं साधारण आहे, पण नखात धरता येईल असा तुकडा निघाला तर आत दात गेलाय.

कुठलं तेल हे गाडीच्या मॅन्युअलवरून ठरवा, दुकानदाराच्या फळीवरून नाही. डिफरन्शिअलला चालणारं जीएल-५ ग्रेडचं तेल प्रत्येक गिअरबॉक्सला चालतं असं नाही. काही जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना ते बाधतं आणि तिथे जीएल-४ लागतं.

ब्रेक

इथे हात आखडता घेऊ नका. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. पाणी मिसळलेलं ऑइल पसरणीच्या उतारावर ब्रेक तापले की उकळतं, लाइनमध्ये वाफ होते आणि पेडल खाली जातं. थंड झाल्यावर गाडी पुन्हा चांगली, म्हणून गॅरेजमध्ये दोष सापडत नाही. दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदला, पावसात जास्त चालणारी गाडी असेल तर वर्षाने. घाटात ट्रकवाल्यांचा नियम पाळा: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

रबरी ब्रेक पाइप वाकवून बघा. बारीक चिरा दिसल्या तर बदला. कधीकधी पाइप बाहेरून चांगला असतो पण आतून फुगलेला. ब्रेक सोडल्यावरही एक चाक धरून राहतं आणि त्या चाकाचा हब हात लावून बघितला तर बाकीच्यांपेक्षा गरम लागतो.

डिझेल इंजिनात पेडल हलकं करणाऱ्या ब्रेक बूस्टरला लागणारा व्हॅक्युम स्वतंत्र पंपातून येतो, बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागे असतो. तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. आता दाबून धरूनच इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली सरकलं तर बूस्टर काम करतोय. जागेवरच राहिलं तर आधी पाइप बघा, मग पंप.

मागच्या ड्रममध्ये चिखल साठतो. नदी-ओढा ओलांडून आल्यावर ड्रम काढून धुणं हे काम बहुतेक जण टाळतात, आणि मग हँडब्रेक धरत नाही म्हणून केबल बदलतात. केबलचा काही दोष नसतो.

स्टिअरिंग आणि चाकं

गाडीचं पुढचं चाक जॅकवर उचला, खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकवर विश्वास नको. चाकाला वर आणि खाली, म्हणजे घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खेळ जाणवला तर सोबतच्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग ढिलं आहे. तसाच राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट, म्हणजे ज्यावर पुढचं चाक वळतं तो सांधा. मग तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा. इथला खेळ टाय रॉडच्या टोकांचा किंवा स्टिअरिंग बॉक्सचा. एवढं घरी करून गॅरेजला गेलात की मिस्त्री तुमच्याशी वेगळ्या पद्धतीने बोलतो.

सलग पुढचा ॲक्सल असलेल्या जुन्या गाड्यांत, म्हणजे जीप आणि जिप्सीत, साठ-सत्तरच्या वेगाला खड्डा लागला की स्टिअरिंग हातात थडथड उडायला लागतं. गॅरेजवाले आधी स्टिअरिंग डॅम्पर बदलतात. त्याने थरथर काही दिवस झाकली जाते. मूळ कारण बहुतेक वेळा किंगपिनचा खेळ, सैल टाय रॉड, कमानीचे गेलेले बुश किंवा चाकाचं बॅलन्सिंग यात असतं. वरच्या तपासणीत जे सापडेल ते आधी करा, डॅम्पर शेवटी.

कमानीचे यू बोल्ट नवीन पाटे टाकल्यावर पाचशे किलोमीटरनी पुन्हा आवळायला लागतात. हे कोणी करत नाही. सैल यू बोल्टमुळे सेंटर बोल्ट तुटतो, ॲक्सल एका बाजूने मागे सरकतो आणि गाडी तिरकी चालते. बुश, शॅकल पिन असं काही बनवून घ्यायचं असेल तर कराडपासून कोल्हापूरचं उद्यमनगर लांब नाही. तयार पार्टसाठी पुण्याची नाना पेठ आहेच, पण महिंद्राचे बरेचसे पार्ट साताऱ्यातच मिळतात. जिप्सीच्या मालकाला फोन करून मगच निघायची सवय लागते.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक आहे म्हणून दहा वर्षांचा टायर घाटात चालवू नका. आणि फोर बाय फोरला चारही टायर एकाच मापाचे, जवळपास सारखे झिजलेले हवेत. कारण पुढे लिव्हरच्या भागात.

न तापणं

रेडिएटरच्या जाळीत गवताचं बी आणि चिखल बसतो. पाण्याची धार इंजिनच्या बाजूने बाहेर मारा, पुढून मारली तर घाण आणखी आत जाते. जेट वॉशर जवळ धरला तर जाळीच्या पातळ पत्र्या वाकतात. कुलंट तयार मिसळलेला घ्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात मिसळा; विहिरीचं किंवा बोअरचं पाणी घातलं की क्षार बसून आतल्या नळ्या बुजतात. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकायचा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. तो ऐकू नका. इंजिन नीट तापत नाही, डिझेल जास्त जातं, झीज वाढते, आणि खरा दोष, म्हणजे बुजलेला रेडिएटर, गेलेला फॅन क्लच किंवा ढिली कॅप, तिथेच राहतो. रेडिएटरची कॅप ही सगळ्यात स्वस्त वस्तू आहे, आधी ती बदलून बघा. गरम इंजिनाची कॅप मात्र उघडायची नाही, हे लिहायची गरज पडू नये.

फोर बाय फोरचा लिव्हर

या जुन्या गाड्यांत मधला डिफरन्शिअल नसतो. फोर व्हीलमध्ये टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधला जातो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर जातात. चिखलात, खडीत किंवा गवतावर चाक थोडं घसरून तो फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नाही, म्हणून सगळा ताण ट्रान्सफर केस आणि शाफ्टच्या क्रॉसवर (वाकत्या सांध्यांवर) साठतो. वेगवेगळ्या मापाचे टायर असतील तर सरळ रस्त्यावरही हाच ताण येतो. लिव्हर बाहेर निघत नसेल तर ओढाताण न करता गाडी दोन-तीन मीटर सरळ मागे घ्या, ताण सुटला की लिव्हर आपोआप येतो.

उलट, वर्षभर फोर व्हील न वापरणंही वाईट. आतली तेलं फिरत नाहीत, पुढच्या सीलांना तेल लागत नाही, लिव्हरचे सांधे गंजतात. महिन्यातून एकदा पाणंदीवर किंवा स्वतःच्या रानात दोनशे-तीनशे मीटर चालवा, लो रेंजही (हळू पण जास्त जोराचा गिअर) टाकून बघा. ज्यांच्या हबवर हाताने फिरवायची चकती आहे त्यांनी दोन्ही बाजू लॉक करून मगच लिव्हर टाकावा. यासाठी कासच्या पठारावर किंवा चाळकेवाडीच्या सड्यावर गाडी घालू नका. कास २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे हा एक भाग, पण त्या खडकावर मातीचा थर अगदी पातळ असतो. टायरचा एक चर पडला की पाण्याची वाट बदलते आणि तिथली फुलं पुढच्या वर्षी येत नाहीत. डांबर सोडायचं तर शेतमालकाला विचारून.

पाण्यात जायचं असेल तर ब्रीदर समजून घ्या. ॲक्सलवर एक छोटी नळी किंवा टोपी असते, तापलेल्या तेलाची हवा तिथून बाहेर पडते. ती चिखलाने बुजली असेल आणि तापलेला ॲक्सल थंड ओढ्यात गेला, तर आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. म्हणून पावसाळ्याआधी ब्रीदर काढून साफ करा, जमलं तर नळी लांब करून बॉनेटपर्यंत वर घ्या. ओढा ओलांडल्यावर गाडी रात्रभर उभी ठेवा; पाणी तेलापेक्षा जड, ते खाली बसतं. सकाळी खालचा बोल्ट दोन आटे ढिला करा. पाणी असेल तर आधी तेच ठिबकेल.

जिप्सीच्या पुढच्या नकलच्या (ॲक्सलच्या टोकाला चाक वळतं त्या सांध्याच्या) गोलाकार भागावर काळं पातळ ग्रीस ओघळलेलं दिसलं तर आतलं ॲक्सल सील गेलंय आणि डिफरन्शिअलचं तेल ग्रीसमध्ये मिसळतंय. बाहेरचं सील बदलून उपयोग नाही.

प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि सरकता सांधा यांना ग्रीस गनने ग्रीस मारताना जुनं ग्रीस चारही टोप्यांतून बाहेर दिसेपर्यंत मारा. एका टोपीतून निघत नसेल तर तोच क्रॉस पुढे खडखडणार. गाडी पुढून मागे घेताना खालून ‘टक्’ आवाज येत असेल तर तो आजच खडखडतोय.

गंज आणि धुरळा

पश्चिमेकडच्या गाड्यांनी जूनपासून सप्टेंबरपर्यंत एकच नियम पाळायचा: चिखल वाळू द्यायचा नाही. आठवड्यातून एकदा खालून पाणी मारा, चासीच्या आत नळी घालून आतला चिखल धुऊन काढा, पाणी निघायची भोकं तारेने मोकळी करा. दरवाजांच्या खालची भोकंही तशीच. रबरी अंडरबॉडी कोटिंगवर माझा विश्वास नाही, निदान जुन्या गाडीवर तरी नाही. गंजावर मारलं की त्याच्या आत ओल अडकते आणि वरून गाडी चकाचक दिसते. दिवाळीनंतर, लोखंड पूर्ण वाळलेलं असताना, तारेच्या ब्रशने गंज काढा, गंजरोधक प्रायमर मारा, वर रंग, आणि पोकळ भागांत पातळ मेण किंवा तेलाचा फवारा. दरवर्षी थोडं थोडं.

पूर्वेकडे एअर फिल्टर. फुफाट्याच्या वाटेने एका गाडीच्या मागे चालत असाल तर फिल्टर नेहमीच्या निम्म्या अंतरावर बघा. हवा मारायची तर आतून बाहेर, आणि कमी दाबाने. जास्त दाबाने कागद फाटतो आणि ती बारीक फट डोळ्यांना दिसत नाही. फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारी नळी आतून बोट फिरवून बघा. बोटाला माती लागली तर धूळ थेट टर्बो आणि सिलिंडरमध्ये चालली आहे. क्लिप आणि नळीचे सांधे शोधा. स्नॉर्केल (हवा उंचावरून घेणारी नळी) लावूनही हेच सांधे सैल राहिले तर त्याचा उपयोग फोटोपुरता.

उसाच्या फडातून किंवा वाळल्या गवतातून आलात की खाली वाकून सायलेन्सरच्या वर अडकलेलं पाचट काढा. तापलेल्या पाइपवर ते धुमसतं. वायरिंगचंही इथेच सांगतो: गोठ्याशेजारी उभी राहणारी गाडी उंदरांचं घर होते, पंधरवड्याला बॉनेट उघडा.

इंधन

डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी काढायचा स्क्रू असतो, पावसाळ्यात तो महिन्याला ढिला करा. कॉमन रेल, म्हणजे मोठ्या दाबाने डिझेल फवारणाऱ्या इंजिनात पाणी गेलं की इंजेक्टरचा खर्च सगळ्या हौसेवर पाणी फिरवतो. पेट्रोलवाल्यांना आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या, वॉशर त्यासाठी बनलेले नव्हते, ते फुगतात किंवा चिरतात. इथेनॉल ओल धरतं, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या जिप्सीच्या टाकीत तळाशी पाणी आणि गंज साठतो. नळ्या इथेनॉलला चालणाऱ्या टाका, गाडी दर आठवड्याला थोडी फिरवा.

गाडीत काय ठेवायचं

फॅन बेल्ट, वरची-खालची रेडिएटर नळी, क्लिप, फ्यूज, पाच लिटर पाणी, हवेचा पंप आणि गेज, अग्निशामक, फावडं, जॅकखाली टाकायची जाड फळी. चिखलात हवा कमी करून निघालात तर डांबराला लागण्याआधी परत भरा.

आणि टोचनाचा पट्टा. तो लोखंडी साखळीपेक्षा चांगला, पण बांधायचा फक्त चासीला जोडलेल्या हुकाला. बंपरला, ॲक्सलला किंवा ट्रॉली ओढायच्या गोळ्याला नाही. तो गोळा तुटला तर तोफेच्या वेगाने येतो. ओढण्याआधी पट्ट्याच्या मध्यावर जाड चादर किंवा ओलं पोतं टाका म्हणजे पट्टा तुटला तर कमी उडेल, आणि बघायला जमलेल्यांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा. ते तिथे थांबत नाहीत, म्हणून गाडीत बसायच्या आधी पुन्हा एकदा मागे बघा.